बाळंतीण, क्रोशा आणि चारजणी

बाळंतिणीला समोर बसून 'कशी आहेस?' विचारलं की उत्तर ठरलेलं: 'छान.' तीच बाई चारजणींत क्रोशा घेऊन बसली, नजर सुईवर असली, की दहा-बारा खांब (क्रोशाचे उभे टाके) झाल्यावर आपणहून म्हणते, 'बाळाजवळ एकटं राहायची भीती वाटते गं.' शेजारची मान वर न करता म्हणते, 'मलाही वाटायची.' बायकांनी एकत्र विणत बसण्याचं मोल मला या संवादात दिसतं. सल्ला नाही, दयेची नजर नाही. विणून काय झालं, याला फार महत्त्व नाही.

त्यातही मी क्रोशाच्या बाजूची! नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं, त्यामुळे आईचा दिवस तुकड्यातुकड्यांचा. दोन सुयांच्या विणकामात ओळभर टाके सुईवर असतात. घाईत उठलं, सुई निसटली की गेले. क्रोशात एकच फास मोकळा. तो लांब ओढून ठेवायचा आणि बाळाकडे पळायचं. बाळ सतत उचलून अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत असेल, तर मात्र विणूच नये. नुसतं येऊन बसावं.

आता आम्हा विणणाऱ्यांना झोंबणारी गोष्ट. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आया होत्या. मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्यांमध्ये, एकत्र गाणाऱ्या गटाला नेहमीच्या उपचारांपेक्षा लवकर उतार पडला; खेळ-हस्तकलेच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही. (विणताना गुणगुणायला कुणाची ना नाही.) तेव्हा विणकामाला औषध म्हणू नका. सुरुवातीचं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. उदासी त्यापुढेही टिकली तर डॉक्टर गाठायचा, आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले तर त्याच दिवशी. हे गटातल्या कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

सगळ्यात राग येतो तो 'एवढं छान करता, विकत का नाही?' म्हणणाऱ्यांचा. ऑर्डर आली की मुदत येते, मुदत आली की ज्या बाईला जरा टेकायला जागा मिळाली होती तिच्या डोक्यावर आणखी एक काम. फोटोसाठी प्रदर्शनही नको.

हव्यात त्या मुलं वाढवून मोकळ्या झालेल्या दोघी-तिघी. त्यांना विणता आलं नाही तरी चालेल, बाळ घेता आलं पाहिजे.