ईव्हीचे स्पीकर बदलले की रेंज घटते? नाही, घटत नाही

गेले काही महिने एक मेसेज सोसायटीच्या ग्रुपपासून नातेवाइकांच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरतोय. त्याचं सार असं: 'इलेक्ट्रिक गाडीचे कंपनीचे स्पीकर बदलू नका. रेंज १५-२० किलोमीटरनी घटते, मोठ्या बॅटरीच्या वायरिंगला धक्का लागून आग लागू शकते, वॉरंटी पूर्ण जाते. तशीही ईव्ही शांत असते, आहेत ते स्पीकर पुरतात. बदलायचेच असतील तर ५०० वॅटच्या वरचे घ्या.' माझ्याकडे बेस व्हेरियंटची ईव्ही आहे आणि तिचे पुढचे दोन स्पीकर मी शेजारी उभं राहून बदलून घेतलेत. हा मेसेज वाचून माझ्या मामेभावाने ठरलेलं काम रद्द केलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, कारण घाबरतात सगळे त्यालाच. स्पीकर आपल्या मनाने वीज ओढत नाही. स्टिरिओतला अँप्लिफायर, म्हणजे आवाजाचा सिग्नल मोठा करणारा भाग, देईल तेवढीच त्याला मिळते. स्टिरिओ तोच ठेवून नुसते स्पीकर बदलले, तर खर्च वाढायला कारणच उरत नाही. तरी हिशोब करून बघू. सगळी सिस्टिम मिळून सतत ४० वॅट खाते असं धरा, नेहमीच्या आवाजात तेवढीही खात नाही. तीन तासांच्या प्रवासात झाले १२० वॅट-तास. एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीची बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची आहे, त्यातले हे ०.७ टक्के. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या ३०.२ किलोवॅट-तासांत तर ०.४ टक्के. म्हणजे तीन तास गाणी ऐकण्याचा सगळा खर्च साधारण एका किलोमीटरचा, आणि तो कंपनीच्या स्पीकरवरही होतच होता. मे महिन्यात उन्हात तापलेली गाडी गार करताना एसी एकटाच एक-दोन किलोवॅट घेतो. रेंजची काळजी असेल तर ती तिथे करा.

आगीचा मुद्दा. गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीच्या केबल नारिंगी रंगाच्या असतात, त्या फरशीखालून आणि बॉनेटखाली जातात. दरवाजात त्या येत नाहीत. दिवे, वायपर, काचा, स्टिरिओ हे सगळं चालतं १२ व्होल्टच्या वेगळ्या छोट्या बॅटरीवर, जशी पेट्रोल गाडीत असते तशीच. फरक एवढाच की तिथे तिला अल्टरनेटर चार्ज करतो आणि इथे मोठ्या बॅटरीतून व्होल्ट उतरवणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. स्पीकर बदलणारा माणूस या १२ व्होल्टच्या बाजूलाच काम करतो.

जपायला हवं ते या छोट्या बॅटरीला, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. वेगळा अँप्लिफायर बसवला आणि त्याला चालू-बंद करणारी रिमोट वायर चुकीच्या जागी जोडली, तर गाडी बंद केल्यावरही तो चालू राहतो. दोन-चार दिवसांत १२ व्होल्टची बॅटरी बसते, आणि मग मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही. अँप्लिफायरची मुख्य वायर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज न लावता ओढली असेल आणि कुठे पत्र्याला घासली, तर जळण्याचा धोकाही खरा आहे. पण तो कुठल्याही गाडीत तेवढाच खरा. आणि फक्त स्पीकर बदलताना यातलं काहीच करावं लागत नाही.

वॉरंटीचं अर्धं खरं आहे. मूळ वायर कापून जोड मारला आणि पुढे त्या सर्किटमध्ये बिघाड झाला, तर सर्व्हिस सेंटर हात वर करणार. म्हणून वायर कापूच द्यायची नाही. तुमच्या गाडीच्या सॉकेटला बसणारा कपलर मिळतो, तो स्पीकरला जोडायचा आणि मूळ प्लग त्यात खोचायचा. जुने स्पीकर माळ्यावर ठेवा, उद्या गाडी विकताना परत बसवता येतात. मोठ्या बॅटरीला बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वेगळी वॉरंटी देतात. दरवाजातल्या स्पीकरचा तिच्याशी काय संबंध? तरी आपलं वॉरंटीचं पुस्तक वाचा आणि शंका असेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

'ईव्ही शांत असते म्हणून स्पीकर पुरतात' हे तर मला उलटंच वाटतं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत इंजिनाची घरघर खालचे सूर झाकते, सोबत स्पीकरचे दोषही झाकले जातात. ईव्हीत शहरातल्या वेगाला तो पडदाच नसतो. माझ्या गाडीत सिग्नलला उभं असताना अभंग लावला की पखवाजाची थाप घुमायच्या ऐवजी पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखी यायची, आणि तिच्यामागोमाग दरवाजाचं प्लास्टिक खुळखुळायचं. जुन्या डिझेल गाडीत हे कधी जाणवलंच नव्हतं.

आता वॅट. मेसेजमधला सगळ्यात नुकसान करणारा सल्ला हाच, कारण लोक तो ऐकून पैसे घालवतात. खोक्यावरचे ५०० वॅट म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सलग पेलण्याची ताकद. शिवाय ती स्पीकर किती सोसेल याची संख्या आहे, किती वाजेल याची नव्हे. बेस व्हेरियंटच्या स्टिरिओतला अँप्लिफायर एका चॅनलला सलग १५-२० वॅट देतो. त्याच्यावर जड कोनचा (हलून आवाज काढणाऱ्या पडद्याचा), जास्त वॅटचा स्पीकर लावला तर तो कंपनीच्या स्पीकरपेक्षाही दबका वाजू शकतो. दुकानात सेन्सिटिव्हिटी विचारा, म्हणजे तेवढ्याच विजेत स्पीकर किती मोठा वाजतो ते; ती डेसिबलमध्ये (डीबी) मोजतात. ८७ डीबीच्या ऐवजी ९० डीबीचा घेतला, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. दुसरं ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो ते. बहुतेक गाड्यांत ४ ओहमचे स्पीकर असतात. त्या जागी २ ओहमचा लावला की अँप्लिफायर तापतो. मल्टीमीटरवर ४ ओहमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण खरी गंमत दरवाजात आहे. पॅनल उघडल्यावर आत काळ्या चिकट बुटिल रबराने चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा पडदा दिसला, आणि त्यामागे नुसता पत्रा. बोटाने वाजवला तर डब्यासारखा टणटण. कागदी कोनचा, छोट्या मॅग्नेटचा मूळ स्पीकर त्यावर प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला. स्पीकरच्या पुढून निघणारा आवाज आणि मागून निघणारा एकमेकांच्या उलट असतात. पत्र्याला भोकं असतील तर दोन्ही मिसळतात आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून आम्ही आधी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला बुटिलचे डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारे) रोलरने दाबून चिकटवले आणि स्पीकरच्या कडेने फोमची पट्टी लावली. मग तोच जुना स्पीकर परत लावून ऐकला. पखवाज निम्मा तरी सुधारला होता, नवा स्पीकर अजून खोक्यात असताना!

आपल्या पावसात तीन गोष्टी सांभाळा. काचेच्या रबरातून दरवाजात पाणी उतरतंच, ते खालच्या भोकांतून वाहून जातं. ती भोकं डॅम्पिंग शीटने बुजवू नका. प्लास्टिकचा पडदा फाटला तर तेच पाणी पायाखालच्या कार्पेटमध्ये येतं, त्यामुळे तो जसाच्या तसा परत चिकटवून घ्या. आणि स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, एका पावसाळ्यात फुगते. प्लास्टिकची घ्या. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दरवाजात प्रेशर सेन्सर असतो. तो आहे का हे आधी विचारा आणि असेल तर त्या दरवाजाचं काम माहितगाराकडूनच करून घ्या.

मामेभावाला मी एवढंच सांगितलंय: पुढचे दोन दरवाजे, चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे साडेसहा इंची कंपोनंट (मोठा स्पीकर आणि ट्वीटर वेगळे असलेला सेट), ट्वीटर म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर काचेच्या कोपऱ्यात, आणि अर्धा खर्च डॅम्पिंगवर. मागचे स्पीकर आहेत तसे राहू देत, तू गाडी पुढे बसून चालवतोस. वेगळा अँप्लिफायर हवाच वाटला तर महिनाभर हे ऐकून मग ठरव.