पॉलिकार्बोनेट सगळ्यांसाठी नाही
चष्म्याच्या काचांवरच्या लेखात पॉलिकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक ‘सगळ्यांना उत्तम’ म्हटलंय, ते पटलं नाही. लहान मुलांना तीच काच द्यावी, चेंडू लागला तरी सहसा फुटत नाही. पण माझा नंबर उणे ६.५. दुकानदाराच्या आग्रहाने पॉलिकार्बोनेट घेतली, तर नजर कडेला गेली की रस्त्यावरच्या दिव्यांना निळ्या-पिवळ्या किनारी दिसायला लागल्या. तिचा अ‍ॅबे अंक साधारण ३०, साध्या सीआर-३९ प्लास्टिकचा ५८. अंक जितका कमी तितके रंग जास्त फाकतात. नंबर कमी असेल तर सीआर-३९ पुरे, शिवाय स्वस्त. आणि मोठा उणे नंबर असेल तर महागडी १.७४ अपवर्तनांकाची पातळ काच घेण्याआधी फ्रेम लहान निवडा. उणे नंबरची काच कडेलाच जाड असते, लहान फ्रेममध्ये नेमका तोच भाग कापला जातो.