दूध बाधणाऱ्यांचा पक्ष कुठला?

आमच्या घरच्या ग्रुपवर दुधावरून जितकी भांडणं होतात, तितकी निवडणुकीवरूनही होत नाहीत. २०२१ मध्ये पेटा इंडिया या प्राणीहक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने अमूलला प्राण्यांचं दूध सोडून वनस्पतींच्या दुधाकडे वळायचा सल्ला दिला. अमूलचे तेव्हाचे प्रमुख आर. एस. सोढी यांनी उलट विचारलं, दहा कोटी दूध उत्पादकांचं काय करायचं मग? त्यातल्या ७० टक्के लोकांकडे तर जमीनही नाही. त्या दिवशी बडोद्यातले, दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतचे आमचे झाडून सगळे नातेवाईक सोढींच्या बाजूने उभे राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटांवरचे 'ए-टू' दुधाचे (म्हणजे देशी गायींचं, वेगळ्या प्रथिनाचं म्हणून विकतात त्याचे) दावे काढायला सांगितले आणि आठवडा उलटायच्या आत तो आदेश मागे घेतला, तेव्हा पुन्हा दोन तट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ओट, बदाम वगैरे दुधांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावर आत्याने एवढंच लिहिलं, "पितं कोण ते?"

मी पिते, अधूनमधून. हॅम्बुर्गमध्ये राहते, जन्म बडोद्याचा, आणि दूध मला बाधतं. ग्रुपवरची ही सगळी भांडणं वाचून वाटतं, की ज्याच्या पोटात गुरगुरतं तो माणूस यांत कुठेच नाही. एक बाजू त्याला प्राणिमित्र समजून ओढते, दुसरी त्याला शेतकऱ्याचा वैरी ठरवते, आणि तिसरा कोणी त्याला गीर गायीचं ए-टू दूध दामदुप्पट भावाने विकतो. ए-टूचा फरक प्रथिनांत आहे. पोट बिघडवणारी साखर म्हणजे लॅक्टोज, ती गीर गायीच्या, जर्सीच्या आणि म्हशीच्या दुधात सारखीच, पाच टक्क्यांच्या आसपास असते.

"लहानपणी तर पेला भरून प्यायचीस," हे आईचं पालुपद. प्यायचेच. ती साखर फोडणारं पाचकद्रव्य, लॅक्टेज, लहानपणी भरपूर असतं, मोठेपणी बहुतेकांचं कमी होत जातं. जगातल्या साधारण दोनतृतीयांश मोठ्या माणसांचं असंच होतं, त्यामुळे याला आजार म्हणणंसुद्धा जरा जास्तच. मोठेपणीही लॅक्टेज चालू ठेवणारा जनुकातला बदल भारतात वायव्येकडे जास्त सापडतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. गंमत म्हणजे तो युरोपातल्या लोकांत असतो तोच आहे. आमचे पूर्वज गायकवाडांच्या मागून बडोद्याला आले. पत्ता बदलला, जनुकं काय बदलणार?

शिवाय हा सगळा मामला 'किती' याचा आहे. दूध बाधणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅम लॅक्टोजपर्यंत फारसा त्रास होत नाही, म्हणजे साधारण पेलाभर दूध. आता गच्चीवरची कोजागिरी घ्या. दूध आटवून निम्मं केलं, केशर, वेलची, जायफळ घातलं. पाणी उडालं, लॅक्टोज सगळं पातेल्यातच राहिलं. त्या दुधाचा एक पेला म्हणजे वीस ग्रॅमच्या घरात, आणि "अगं घे, आटवलेलं दूध हलकं असतं, जायफळ आहे त्यात" म्हणत काकू दुसरा पेला पुढे करतात. बासुंदी आणि पेढा त्याच जातीतले. उलट श्रीखंड, ज्याला सगळे जड म्हणतात, ते मला सोसतं: विरजणातल्या जंतूंनी थोडं लॅक्टोज खाल्लेलं असतं आणि उरलेल्यातलं बरंचसं चक्का टांगल्यावर पाण्याबरोबर निथळून जातं. तुपात तर जवळपास नसतंच. ताक वाटीभर चालतं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात निम्मी सोय आधीच आहे, फक्त कुठल्या पदार्थात काय उरतं ते कळायला हवं.

(दुधाची अॅलर्जी ही वेगळी गोष्ट. ती प्रथिनांची असते, थेंबानेही जिवावर बेतू शकते, आणि तिला यातलं काहीही लागू नाही. आणि पोट बिघडलं की आपणच दुधावर आळ घेण्यापेक्षा श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी करून घेतलेली बरी. लॅक्टोजचं पाणी पाजतात आणि दोन-तीन तास ठरावीक वेळाने नळीत फुंकायला लावतात.)

इकडे जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मात्र कोणी समजू नये. सोय मोठी आहे, हे खरं. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत दूध उठून दिसेल असं छापणं युरोपात सक्तीचं आहे, म्हणून चिप्समधली दुधाची भुकटीसुद्धा लगेच नजरेत येते. पण ओटच्या पेयावर जर्मनीत १९ टक्के कर आणि गायीच्या दुधावर ७. या बाबतीत दिल्लीने बर्लिनला मागे टाकलं. शिवाय ओटच्या पेयात प्रथिनं दुधाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीही नसतात. सोयाचं त्यातल्या त्यात दुधाच्या जवळ जातं. 'बायो' शिक्का असलेल्या पेयात तर वरून कॅल्शियम घालायला मनाई आहे, त्यामुळे जो महाग, सात्त्विक डबा आरोग्यासाठी म्हणून उचलावा तोच हाडांच्या कामाचा नाही. ओट मुरवताना त्यातल्या पिठाची साखर होते, म्हणून 'साखर घातलेली नाही' असं लिहिलेलं असूनही ते गोड लागतं. माझ्या मधुमेही आईला ते मी देणार नाही. आल्याच्या चहात तर ते मला मुळीच चालत नाही, पण ती माझी आवड झाली.

इथे मी खरोखर रोज जे वापरते, ते साधं लॅक्टोजमुक्त दूध. फिनलंडच्या वालिओ या दूध उत्पादकांच्याच सहकारी कंपनीने २००१ मध्ये असं दूध बाजारात आणलं, आणि आज ते इथल्या कुठल्याही स्वस्त दुकानात मिळतं. मी घेते त्यात दूध तेच, गाय तीच, फक्त कारखान्यात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली. म्हणून किंचित गोड.

घरच्या वादात नेमका हाच मुद्दा कोणी मांडत नाही. मागे बडोद्याजवळ, पादरा गावाकडच्या एका खेड्यात संध्याकाळी मंडळीवर, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेत, गेले होते. बायका बरण्या, किटल्या घेऊन रांगेत. दूध ओतलं, नमुना यंत्रात गेला, फॅट किती लागली ते पडद्यावर आलं, चिठ्ठी हातात पडली. एका बाईने चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन आकडा दोनदा वाचला आणि मागच्या बाईला म्हशीच्या चाऱ्याबद्दल काहीतरी ऐकवलं. या बाईचं उत्पन्न त्या आकड्यावर ठरतं. तिचं दूध पुढे कारखान्यात गेल्यावर त्यात लॅक्टेज घातलं, तर तिच्या चिठ्ठीतला एक पैसाही कमी होत नाही. उलट ज्यांनी दूध सोडलं ते गिऱ्हाईक परत येईल. सोढींचा प्रश्न ओटच्या दुधाला लागू पडत असेल, याला नाही. अमूलचं लॅक्टोजमुक्त दूध आहेसुद्धा! पण ते छोट्या खोक्यात, पिशवीच्या दुधापेक्षा महाग, आणि अमूलच्या पार्लरवर, म्हणजे दुकानात, मागितलं की पोरगा आधी ताकाची पिशवी पुढे करतो.

मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. बडोद्यात पावभाजीच्या गाडीवर 'जैन' म्हटलं की बटाट्याऐवजी कच्चं केळं येतं, एक प्रश्न न विचारता. लग्नात जैन काउंटर वेगळा, कांदा-लसूण न खाणाऱ्यांची पंगत वेगळी, चतुर्थीवाल्यांना साबुदाणा. खाण्यातली बंधनं इतक्या सहजपणे सांभाळणारं दुसरं गाव मला माहीत नाही. हॅम्बुर्ग तर नाहीच. पण बंधन धर्माचं असेल तर मान आणि पोटाचं असेल तर "परदेशी गेल्यावर थेरं सुचतात". केटररला 'या भाजीत दूध, मावा आहे का?' विचारलं, तर तो आधी आईकडे बघतो.

माझा मावसभाऊ दुधाच्या धंद्यातच आहे. त्याला म्हटलं, लॅक्टोजमुक्त दूध पिशवीत आणा, पार्लरवर पुढच्या फळीवर ठेवा. म्हणाला, "ताई, मागणीच नाही गं." मी विचारलं, जुलाब होतात म्हणून गुपचूप कोरा चहा पिणारी किती माणसं आपल्याच घरात आहेत? त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. आत्याच्या नवऱ्यापाशी थांबला, मग स्वतःचं बोट धरलं.