पाइप जोडतानाचं राहूनच गेलं की!

समुद्रात तेल-वायूच्या विहिरी खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर ड्रिलिंग मडचं (विहिरीत फिरवतात त्या जड गाऱ्याचं) वजन बरोबर ठेवलं की विहिरीतला दाब काबूत राहतो, असं एका लेखात म्हटलंय. चूक नाही, पण अर्धंच झालं. खरी गोची पाइप जोडताना होते. ड्रिलिंग चालू असताना लाटांचं वर-खाली हीव्ह कॉम्पेन्सेटर (जहाज हललं तरी पाइप स्थिर धरणारं यंत्र) सांभाळून घेतो. नवा पाइप जोडायला मात्र आधीचे पाइप रिगवरच्या स्लिप्समध्ये (पाइप पकडणाऱ्या पाचरींत) अडकवावे लागतात. मग खालपर्यंतची पाइपांची अख्खी माळ जहाजाबरोबर हलते, हापशाच्या दट्ट्यासारखी. खाली गेली की तळाचा दाब वाढतो, वर आली की घटतो. फार वाढला तर खडकाला तडे, फार घटला तर गॅस आत.

मग वरचा चोक व्हॉल्व्ह (विहिरीतून परत येणारं मड कमी-जास्त अडवून दाब सांभाळणारा) फिरवा की! तर मडमधून दाबाची लहर साधारण सेकंदाला हजार मीटर जाते. विहीर ४००० मीटरची असेल तर तळाची खबर यायला ४ सेकंद, चोकचा परिणाम खाली पोचायला आणखी ४. लाट मात्र १०-१५ सेकंदांत येऊन जाते! म्हणून कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला पुढच्या लाटेचा अंदाज बांधून चोक आधीच हलवावा लागतो.

मुंबई हायला पाय रोवलेल्या रिगवर ही भानगड नाही. पूर्व किनाऱ्याजवळ कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या खोल समुद्रात आहे.

आमच्या लातूरकडं काळ्या पाषाणात बोअर हवेच्या दाबानं मारतात. पाणी उसळलं की पेढे वाटतात. समुद्रात असं काही उसळलं तर बीओपी (विहिरीचं तोंड बंद करणारे मोठे व्हॉल्व्ह) बंद करायला पळापळ!