अठरा हजारांची केबल आणि चौकातली डीपी

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. त्याचा सारांश असा: ‘अ‍ॅम्पबरोबर (अ‍ॅम्प्लिफायरबरोबर) आलेली साधी पॉवर केबल फेकून द्या. ऑक्सिजनमुक्त तांब्याची, चांदीचा मुलामा दिलेली जाड केबल लावा. बास घट्ट होतो, गळा मोकळा होतो, मागची घरघर जाते. आवाज एकदम नाद खुळा!’ चौथ्याने खाली विचारलं होतं, ‘अठरा हजाराला मिळतीय, घेऊ काय?’ कोल्हापूरच्या राजारामपुरीत अ‍ॅम्प उघडून बसण्यात माझी वीस वर्षं गेली. घेऊ नकोस, एवढं मी लगेच कळवलं. का, ते जरा सविस्तर सांगतो.

‘शुद्ध तांब्यातून वीज शुद्ध येते.’ आता ती येते कुठून ते बघा. चौकातल्या डीपीपासून खांबाखांबावरून बहुतेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमची तार. मग मीटर, एमसीबी, भिंतीतली वीसेक मीटर वायर आणि सैल झालेला सॉकेट. त्यानंतर तुमची दीड मीटर. यावर केबलवाल्यांचं उत्तर तयार असतं: अ‍ॅम्पच्या बाजूने मोजलं तर तीच पहिली दीड मीटर. मोजा की कुठूनही. सर्किट म्हणजे एकच फेरा, त्यातला सगळा अडथळा एकापुढे एक मिळवला जातो, पहिला-शेवटचा असा मान कुणाला नसतो. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनला घरात चांदीची तोटी लावली म्हणून पाण्याचा जोर वाढत नाही, तसंच हे. शिवाय साध्या वायरीतलं चांगलं तांबं आणि ऑक्सिजनमुक्त तांबं यांच्या वाहकतेत फरक फार तर टक्काभर. अख्खी तार चांदीची केली तरी सहा-सात टक्के, इथे तर नुसता मुलामा. उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणारा तारेचा गेज आणि जोड बघतो, मुलामा बघत नाही.

‘जाड केबलमुळे करंट मोकळा मिळतो, बास घट्ट होतो.’ हा मुद्दा ऐकायला सगळ्यांत पटणारा, म्हणून आकडे मांडतो. दीड स्क्वेअर एमएमची दीड मीटर केबल, जाण्या-येण्याची मिळून तीन मीटर तार. अडथळा साधारण ०.०४ ओहम. घरचा अ‍ॅम्प चांगला जोरात लावला आणि एक अँपिअर ओढला, तर केबलमध्ये पडणारा व्होल्टेज ०.०४ व्होल्ट. अ‍ॅम्पमधला ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) करंट सलग न ओढता सेकंदाला १०० वेळा झटक्याने ओढतो, म्हणून पाचपट धरा: ०.२ व्होल्ट. माझ्या टेबलावरचा मीटर संध्याकाळी २१५ दाखवतो आणि मध्यरात्री २४०. नुसता शेजारी गिझर लागला तरी ०.२ व्होल्टहून जास्त हलतो. तेव्हा कुणाचा बास सैल पडल्याचं मी ऐकलेलं नाही.

तो का पडत नाही, हे कळलं की सगळा मेसेजच निकालात निघतो. भिंतीतली वीज स्पीकरपर्यंत जातच नाही. ट्रान्सफॉर्मर ती उतरवतो, रेक्टिफायर एका दिशेची करतो, मोठे कंडेन्सर ती साठवतात. स्पीकरला त्या साठ्यातून किती द्यायचं हे आत येणारा सिग्नल ठरवतो, आणि साठ्यातला बारीकसारीक चढउतार अ‍ॅम्पचा फीडबॅक झाकून टाकतो. सप्लायचा व्होल्टेज हे फक्त छत. आवाज छताला टेकेपर्यंत छत दोन बोटं वर आहे की खाली, याने काही बिघडत नाही. टेकला की फाटतो, आणि तेव्हा केबल कितीही महाग असली तरी फाटतोच.

‘केबलवर छापलेल्या बाणाच्या दिशेनेच लावा.’ ५० हर्ट्झची एसी सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. बाणाने कुठली धरायची?

‘स्किन इफेक्टमुळे करंट तारेच्या कडेने धावतो.’ कडेपासून करंट जिथवर आत शिरतो ती खोली ५० हर्ट्झला तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर. तुमची तार दीड मिलिमीटरचीही नाही.

‘घरघर जाते.’ इथे मात्र मी थोडा थांबतो, कारण कधीकधी खरंच जाते. पॉवर केबल आणि सिग्नलची वायर एकमेकींना चिकटून असतील तर जाळीदार आवरणाच्या केबलने फरक पडू शकतो. पण दोन्हींत वीतभर अंतर ठेवलं तरी तोच फरक पडतो, फुकटात. गंगावेशीतल्या एका घरी नवी केबल लावल्यावर घरघर थांबली होती. मी जुनी परत लावली, तरी शांतच. जुनी पिन वर्षानुवर्षं हललेली नव्हती. काढून पुन्हा खोचली एवढंच औषध झालं. बाकी घरघरीचं मूळ बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यात असतं, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थ झालेली असतात. सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल काढून बघा. आवाज थांबला तर चोर सापडला. आणि घरघर घालवायला तिसरी पिन तोडू नका. ती जीव वाचवायला आहे.

‘मी माझ्या कानांनी ऐकलंय.’ मीही ऐकलंय. एकदा नवी केबल लावून खूश होऊन ऐकत बसलो, आणि तासाभराने कळलं की ती शेजारच्या सीडी प्लेअरला लावली होती. म्हणून मित्राला घरी बसवलं. बायकोने पडद्यामागे नाणं उडवून केबल बदलायची, त्याने ओळखायची. दहापैकी पाच बरोबर आले. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का. तेवढे आणून दाखवा, मी केबल घेतो.

चौथ्याला शेवटी लिहिलं: सॉकेट बदल, स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे घे, समोरच्या उघड्या फरशीवर सतरंजी टाक. बास घुमतोय तो कोपऱ्यामुळे. त्याचं उत्तर आलं, ‘सतरंजी हाय घरात. सॉकेट बदलायला रविवारी येतोस का?’