चार बोटं पाणी

गेल्या रविवारी मी ३४ मिनिटं पोहलो आणि माझ्या घड्याळानं मला ६१३ मीटर दिले. रेशनच्या दुकानात साखर देतात तसे. एवढेच आलेत, घ्यायचे तर घ्या. म्हणजे शंभर मीटरला साडेपाच मिनिटं. घड्याळानं हा आकडा मला विचारण्याआधीच ॲपवर टाकला, आणि मी अजून टॉवेलनं कान पुसतोय तोवर पुण्यातल्या भाच्याचा मेसेज आला : 'मामा, पोहत होता की वाहत होता?'

आता ह्यातला खरा सल सांगतो. त्याच्या आदल्या रविवारी ह्याच तळ्यात, ह्याच चार फेऱ्यांचे, ह्याच घड्याळानं १.८७ किलोमीटर दाखवले होते. साडेअठ्ठावीस मिनिटांत. त्या दिवशी घड्याळाच्या अचूकतेबद्दल मला कसलीही शंका आली नव्हती. उलट सोमवारी ऑफिसात अर्धा किलो कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई, वाटला होता, आणि 'डिसेंबरात मालवणला समुद्रात पोहायच्या स्पर्धा असतात, बघू या' असं चारचौघांत बोलूनही बसलो होतो.

आम्ही मुळात विहिरीत पोहायला शिकलेली माणसं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि थोरल्या भावानं मागून ढकलायचं, एवढंच प्रशिक्षण. विहिरीत लांबीचा प्रश्नच नसतो, खोलीचा असतो. 'तीन परस पाणी आहे' म्हटलं की उडी मारायची की नाही ते कळायचं. किती अंतर पोहलास, असं बेळगावात मला पन्नाशी गाठेपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मग भाच्यानं ॲप दाखवलं, आणि मी २७ हजारांचं घड्याळ घेतलं. राकसकोप धरणाचं पाणी शहर पितं, तिथं पोहायचा प्रश्नच नाही. म्हणून पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावचं तळं गाठलं. गावाचं नाव सांगत नाही. लोक येतील.

तळ्यावर दोघंच असतात. एक काका आणि एक म्हैस. काका पंच्याहत्तरीचे असावेत. लंगोट, डोक्याला पंचा, हातात विडी. म्हैस गोकाककडची. तिच्याशी काका कन्नडात बोलतात. शिव्या मात्र मराठीतून देतात, त्या तिला आता कळतात.

उघड्या पाण्यात पोहायचं तर आधी घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत थांबावं लागतं. घाई करून उडी मारली की सुरुवातीपासूनच हिशोब चुकतो. आदल्या रविवारी मी थांबलो नव्हतो, म्हणून ह्या खेपेला पोहायच्या चड्डीवर, पोट आत ओढून, उजवा हात आभाळाकडं करून काठावर उभा राहिलो. दोन मिनिटं गेली. काका बघत होते. म्हैसही.

"कुणाला हात करालासा?"

"सॅटेलाइटला."

काकांनी वर पाहिलं. "कितीवर हाय?"

"वीस हजार किलोमीटर."

"आन् ते तुमच्याकडं बघालंय?"

"एकटं नाही. चार लागतात."

"खांद्यालाबी चारच लागत्यात," काका म्हणाले आणि विडी झटकली. मग थोडा विचार करून, "चार कशाला पर?"

माझ्यातला मास्तर जागा झाला. सांगितलं, की तीन उपग्रहांकडून अंतरं मिळाली की जागा ठरते. पण हातातलं घड्याळ उपग्रहांमधल्या घड्याळांइतकं नेमकं नसतं, त्याची चूक काढायला चौथा लागतो.

"म्हंजे तुमचं घड्याळ चुकतंय हे त्यास्नी वरबी ठावं हाय."

तेवढ्यात घड्याळ थरथरलं, उपग्रह सापडले, आणि मी उत्तर द्यायच्या जबाबदारीतून सुटून पाण्यात शिरलो.

आदल्या रविवारी मी फ्रीस्टाइल मारला होता, कारण घड्याळाच्या खोक्यावरचा माणूस फ्रीस्टाइल मारतो. परिणामी सोमवारी माझा उजवा हात शर्टाच्या बाहीत जाईना, आणि कुंदा डाव्या हातानं वाटावा लागला. म्हणून आता निमूटपणे बेडकासारखं पोहायचं ठरवलं. हा पोहण्याचा सभ्य प्रकार आहे. डोकं वर, श्वास निवांत, समोरचं दिसतं. हात मात्र सगळा वेळ पाण्याखाली. चार फेऱ्या झाल्या, बाहेर आलो, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच. ६१३.

मी मोठ्यानं काहीतरी बोललो असणार, कारण म्हशीनं मान वळवली.

"किती झालं?" काकांनी विचारलं. मी आकडा सांगितला.

"खोटं हाय ते," काका म्हणाले. इतक्या ठामपणे माझ्या बाजूनं त्या दिवसात कुणी बोललं नव्हतं. "ह्या धोंड्यापासनं त्या पंपापातुर पंचवीस साखळ्या हाईत. मी धरलीया साखळी."

तर काका तरुणपणी मोजणीदारामागं साखळीचं टोक धरून फिरलेले. एका उन्हाळ्यात तळं ठणठणीत आटलं असताना ह्याच तळातून साखळी टाकत गेले होते. साखळी म्हणजे आपल्या शेतजमिनीच्या मोजणीतली ३३ फुटांची, जिच्या चौरसाला गुंठा म्हणतात आणि जिच्यातल्या दोन फुटी आण्यावरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात. पंचवीस साखळ्या म्हणजे ८२५ फूट, म्हणजे साधारण २५१ मीटर. चार फेऱ्यांचे एक किलोमीटर आणि वर थोडं. मी ओल्या बोटांनी फोनवर गुणाकार केला, आणि एकाच वेळी सुखावलोही नि खजीलही झालो. कारण ६१३ खोटं, तर १.८७ही खोटं. कुंदा वाटून झालेला.

मग नकाशा उघडला. आदल्या रविवारचा. आदल्या रविवारी मी फक्त आकडा पाहिला होता, रेघ पाहिलीच नव्हती. त्या रेघेनुसार मी तळ्यात नागमोडी पोहलो, मग पाण्यातून निघून उसात शिरलो, टेकडी चढलो, सुमारे चारशे मीटरवर एका काजूच्या बागेला शिवलो आणि तसाच परत येऊन पोहू लागलो. काजूची बाग महाराष्ट्रात आहे. १९५६ साली आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आणि माझ्या घड्याळानं मला १२ सेकंदांत महाराष्ट्रात नेऊन परत आणलं. ओल्या अंगानं.

हे असं का होतं, ते मी तिथंच फोनवर चिडून वाचून काढलं, तेच काकांना सांगितलं. उपग्रहाचा सिग्नल इथं पोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो, आणि पाण्यात तो चार बोटंही धड शिरत नाही. फ्रीस्टाइलमध्ये हात क्षणभर वर येतो, तेवढ्यात घड्याळ घाईघाईनं आभाळाकडं बघतं आणि अंदाजानं ठिपका टाकतं. चुकला की गेला उसात. बेडूक प्रकारात तर हात वर येतच नाही. मी पलीकडच्या पंपाला हात लावून परत आलो तरी मधल्या काळात घड्याळाला आभाळ दिसलेलंच नसतं. निघतानाचा ठिपका इथं, पुढचा ठिपकाही इथंच. त्याच्या मते मी काठावर बसून होतो.

काका बराच वेळ गप्प राहिले.

"वीस हजार किलोमीटर यायला त्येला काय वाटत न्हाई," ते म्हणाले, "आन् चार बोटं पाण्यात जायला नको?"

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. हेच मी नंतर कंपनीला ईमेलनं विचारलं, अर्थात इतकं चांगलं लिहिता आलं नाही. त्यांचं उत्तर आलं, की पाण्याखाली उपग्रह-नोंदीच्या अचूकतेची हमी देता येत नाही, तसं माहितीपत्रकात नमूद आहे. आहे खरं. मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात. खोक्यावर मात्र हातभर लाटेतून झेपावणारा माणूस छापलाय. पोहताना हात पाण्यात जाणार नाही तर काय खिशात जाणार? पन्नास मीटर खोलीचा दाब सोसेल, असं घड्याळावर कोरलंय. म्हणजे पन्नास मीटर खाली ते जिवंत राहणार, फक्त आपण कुठं आहोत हे त्याला कळणार नाही. इकडं १९५८ साली मिहिर सेन इंग्लिश खाडी पोहून गेले, १९५९ मध्ये आरती साहा गेल्या. भरतीओहोटीनं वाकडंतिकडं कितीही पोहावं लागलं तरी ती खाडी सरळ रेषेतच मोजतात, ३३-३४ किलोमीटर. ॲपवर किती दिसलं, असं त्यांना कुठल्या भाच्यानं विचारलं नाही. मी रागानं तिथंच दोन्ही रविवारच्या नोंदी उडवून टाकल्या.

"केवढ्याला हो घड्याळ?"

सांगितलं.

"रेडकू आलं असतं," काका म्हणाले. मग म्हशीकडं बघत, "पाण्यात डोसकं हिचं वरच असतंय बगा. शिंगं तर कवाच बुडत न्हाईत."

माहितगार लोक हेच सांगतात. घड्याळ मनगटावरून काढा, डोक्यावर टोपीखाली अडकवा किंवा कमरेला बांधून ओढायच्या फुग्यात ठेवा, म्हणजे त्याला सतत आभाळ दिसतं आणि आकडा खऱ्याच्या जवळ येतो. हे शोधायला मला नंतर तीन रात्री लागल्या. काकांना एक विडी लागली. फक्त त्यांच्याकडं टोपी नव्हती, म्हैस होती.

नको म्हणायला हवं होतं. पण ३४ मिनिटं पोहून ६१३ मिळालेला माणूस कशालाही तयार होतो. शिंगाच्या बुडाशी पट्टा शेवटच्या भोकात कसाबसा बसला. म्हशीच्या अंगाला शेवाळाचा आणि पेंडीचा वास येत होता. ती शांतपणे रवंथ करत माझ्या बोटांकडं बघत होती. मी 'सुरू' दाबलं. काका "होग, होग!" म्हणाले, तिचं शेपूट धरलं, आणि दोघं पाण्यात उतरले. रोजचीच वाट. पलीकडं चारा बरा आहे. तिचं नाक आणि शिंगं तेवढी वर, मागं काकांचा पंचा, आणि शिंगावर माझे २७ हजार उन्हात चमकत चाललेले. मी बांधावरून, काटे चुकवत, अनवाणी पळत पंपाकडं गेलो.

२५४ मीटर. ६ मिनिटं २० सेकंद. शंभर मीटरला अडीच मिनिटं. मला पावणेतीनाच्या वर लागतात. आणि नकाशावरची रेघ धोंड्यापासून पंपापर्यंत अशी सरळ, की मोजणीदारानं आखावी.

"तीन मीटर जास्ती दाखवालंय," काका म्हणाले. "पर चालंल."

नोंद उडवावी म्हणून मी फोन काढला, तोवर ती गेली होती वर. ॲपनं सोनेरी पदक दाखवून माझं अभिनंदन केलं : आजवरची सर्वोत्तम कामगिरी. जुन्या नोंदी मीच उडवल्या होत्या, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार? 'हृदयाचे ठोके' ह्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. भाच्याचा मेसेज आला : 'मामा!! स्ट्रोक एकदम सुधारला. कुणाकडं शिकताय?'

त्याला काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. ह्या रविवारी कुंदा घेऊन गेलो होतो. आदल्या पंधरवड्याचं देणं होतंच. काकांनी पुडा उघडला, वास घेतला आणि म्हणाले, "हिला दुधाचं देऊ नये," आणि तिच्याकडं पाठ करून सगळा खाल्ला.