शंभरातले माझे किती?

बिलावर ‘सर्व्हिस चार्ज 10 टक्के’ दिसला की गिऱ्हाईक माझ्याकडे बघून समाधानाने हसतं. वेटरला पावलं, असा त्याचा समज. मीही हसतो, हसण्याचा पगार वेगळा मिळत नाही.

आता बिलच बघा. खाणं 1,000 चं, सर्व्हिस चार्ज 100. कर समजा 10 टक्के आणि तो 1,100 वर, म्हणजे माझ्या अदबीवरही कर! एकूण 1,210. मग कार्डाचं मशीन विचारतं, टिप 15, 20 की 25 टक्के? हे टक्के पुष्कळदा 1,210 वर मोजलेले असतात. चारचौघांत कंजूष दिसायला नको म्हणून माणूस मधलं बटण दाबतो आणि 242 जातात. आधीचे 100 धरले तर 1,000 च्या जेवणाला 342 ची सेवा. इतकी सेवा मी कुणाचीच केलेली नाही.

ते 100 आधी मालकाच्या खात्यात पडतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात सक्तीचा सर्व्हिस चार्ज मालकाचाच. स्वखुशीची टिप तेवढी कामगाराची. ब्रिटनमध्ये मात्र 1 ऑक्टोबर 2024 पासून दोन्ही कामगारांना द्यावे लागतात, कार्डाचं शुल्कसुद्धा न कापता.

मग वाटप. टिप एकत्र करून गुणांवर वाटतात. समजा वेटरला 10, बारवाल्याला 6, टेबल पुसणाऱ्याला 4. तीन वेटर, एक बारवाला, दोन पुसणारे, सगळ्यांचे तास सारखे: गुण 44. जमा 2,200, तर गुणाला 50 आणि मला 500. एवढ्यात आतून दोन आचारी येतात, सहा-सहा गुणांचे. गुण झाले 56, माझे 500 उतरले 393 वर. तक्रार नाही, जेवण त्यांनीच बनवलंय. पण मॅनेजरही ‘देखरेखी’चे गुण मागतो तेव्हा रक्त उकळतं. अमेरिकेत 2018 पासून त्याला या वाटपात हात घालायला बंदी आहे; बाकी ठिकाणी आम्ही त्याला नमस्कार घालतो.

तेव्हा सर्व्हिस चार्ज आधीच लागलाय का ते बघून मगच बटण दाबा, आणि ‘इतर रक्कम’ हेही एक बटण असतं. पैसे कुणाला जातात ते वेटरला विचारा, पण मॅनेजर लांब असताना. त्याच्या देखत आम्ही सगळे तृप्त असतो. रोख द्यायची तर हातात द्या. ताटाखालची नोट टेबल पुसणाऱ्याला आधी दिसते. गुण त्याचे 4 असले तरी नजर 10 ची आहे.